गोष्ठ पाल आणि प्रेक्षकांची आठवण

खेळाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे पहिली अडचण अशी येते कीं, त्याचीं साधनें एकांगी असतात. फुटबॉलच्या एखाद्या जुन्या सामन्याची नोंद पाहावी, तर तींत दोन संघांचीं नांवें, तारीख, गोलांची संख्या आणि ते गोल कोणीं केले एवढेंच बहुधा सांपडतें. ज्यानें चेंडू जाळ्यांत घातला त्याचें नांव कागदावर राहतें. ज्यानें दहा वेळां तो जाळ्यापर्यंत येऊं दिला नाहीं, त्याच्या नांवापुढें कांहींच लिहिलें जात नाहीं. न झालेल्या गोलांची नोंद त्या काळच्या कोणत्याच दप्तरांत नाहीं. म्हणून संघाच्या पिछाडीस उभा राहणारा जो बॅक, त्याची कीर्ति जवळ जवळ सर्वस्वीं प्रेक्षकांच्या स्मरणावर अवलंबून असते. प्रेक्षकांनीं ती जतन केली तर ती राहते. ते विसरले तर ती त्यांच्याबरोबर जाते.

आमचा वरवंड-पाटसचा मुलूख कुस्तीचा आणि हुतुतूचा. पुणें-सोलापूर रस्त्यावरील आमच्यासारख्या गांवांत फुटबॉल शाळेच्या कवायतीच्या तासापलीकडे फारसा गेला नाहीं. तथापि हुतुतू पाहिलेल्या माणसास बॅकचें काम निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. चढाईवर जाणाऱ्या गड्याच्या नांवाचा गजर होतो हें खरें. पण दम संपत आलेल्या चढाईवाल्याचा घोटा धरून त्यास मध्यरेषेच्या अलीकडेच रोखणारा जो गडी असतो, त्याची गोष्ट पारावर पुष्कळ दिवस निघत राहते. आज ज्या गृहस्थांविषयीं बोलावयाचें आहे, ते अशाच रोखणाऱ्यांपैकीं एक होते. त्यांचें नांव गोष्ठ पाल. कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबाचे ते बॅक. बंगालच्या प्रेक्षकांनीं त्यांस ‘चीनची भिंत’ असें नांव दिलें, आणि तें नांव त्यांच्या हयातीनंतरही टिकलें.

गोष्ठ पाल यांचा जन्म २० ऑगस्ट १८९६ रोजीं फरीदपूर जिल्ह्यांतील भोजेश्वर या गांवीं झाला. हा भाग आतां बांगलादेशांत आहे. लहानपणींच ते कलकत्त्यास आले आणि तेथल्या कुमारटुली भागांत खेळूं लागले. १९१३ च्या सुमारास, वयाच्या सोळा-सतराव्या वर्षीं, ते मोहन बागानमध्यें दाखल झाले आणि १९३५ पर्यंत खेळत राहिले. १९२१ ते १९२६ पर्यंत क्लबाचें नायकत्व त्यांच्याकडे होतें. १९३३ सालीं सिलोनच्या दौऱ्यावर जो हिंदी संघ गेला त्याचे पुढारी तेच होते. १९६२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री ही पदवी दिली. फुटबॉलच्या खेळाडूस हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ८ एप्रिल १९७६ रोजीं ते निवर्तले.

आतां या चरित्रांतील चमत्कारिक भाग पाहावा. मोहन बागान क्लबाची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजीं त्या क्लबानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, ही गोष्ट हिंदुस्थानच्या आधुनिक इतिहासांत प्रसिद्धच आहे. त्या दिवशीं मैदानाभोंवतीं इतकी गर्दी लोटली होती कीं, मागच्या लोकांस गोलांची संख्या कळावी म्हणून पतंग उडविण्यांत आले, असें सांगतात. शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनीं ते दोन गोल केले. परंतु गोष्ठ पाल त्या संघांत नव्हते. ते दोन वर्षांनंतर आले. पुढें मोहन बागाननें कलकत्त्याची पहिल्या वर्गाची लीग प्रथम जिंकली ती १९३९ सालीं. तेव्हां गोष्ठ पाल यांस मैदान सोडून चार वर्षें झालीं होतीं. म्हणजे ज्या दोन विजयांवर त्या क्लबाची प्रतिष्ठा उभारली गेली, त्यांपैकीं एक त्यांच्या येण्यापूर्वींचा आणि दुसरा त्यांच्या जाण्यानंतरचा. बावीस वर्षांच्या खेळांत ना त्यांच्या हातीं शील्ड आली, ना लीग. आणि तरीही बंगालच्या फुटबॉलच्या इतिहासांत त्यांचें स्थान शील्ड जिंकणाऱ्यांच्या बरोबरीचें मानलें जातें. हें कसें झालें, हाच आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

याचें उत्तर शोधण्यापूर्वीं त्या काळची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. कलकत्त्याची लीग १८९८ सालीं सुरू झाली; परंतु ती गोऱ्या क्लबांची आणि पलटणींची होती. १९११ ची शील्ड जिंकल्यानंतरही मोहन बागानला लीगमध्यें लगेच जागा मिळाली नाहीं. १९१४ सालीं दुसऱ्या वर्गांत आणि १९१५ सालीं पहिल्या वर्गांत त्याचा प्रवेश झाला. गोष्ठ पाल यांची उमेद आणि क्लबाचा हा प्रवेश हीं एकाच वेळचीं. प्रतिस्पर्धी संघांतील सोजिर बूट घालून खेळत. हिंदी खेळाडू बहुतेक अनवाणी खेळत. शील्ड जिंकणाऱ्या १९११ च्या संघांतही बूट घालणारा एकच खेळाडू होता, तो म्हणजे सुधीर चतर्जी. आणि तो बॅकच होता. त्याचा जोडीदार भूती सुकुल हा अनवाणीच खेळला.

कलकत्त्याचा फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यांत येतो. कोरड्या, टणक जमिनीवर अनवाणी खेळाडू चपळ ठरतो. त्याच्या बोटांस चेंडू कळतो. परंतु चिखल झाला म्हणजे बुटाच्या तळव्यास ठोकलेल्या चामड्याच्या गुठळ्या जमिनीस धरून राहतात आणि उघडा पाय मात्र घसरतो. १९२३ सालीं मोहन बागान शील्डच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन कलकत्ता फुटबॉल क्लबाकडून हरला तो अशा चिखलांतच. पुढल्या फळींतील खेळाडू घसरला तर एक संधि हुकते. बॅक घसरला तर गोल होतो. सबब या विषमतेचा मुख्य भार पिछाडीवर पडत असे. धांवून येणाऱ्या बूटधारी सोजिराच्या पुढें उघड्या पायानें जाऊन चेंडू काढून घेणें, यास कौशल्याइतकेंच काळीज लागतें, हें फुटबॉल न खेळलेल्या माणसासही समजण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट खेळाच्या नियमांची. त्या काळीं संघाची रचना म्हणजे एक गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफबॅक आणि पुढें पांच फॉरवर्ड अशी असे. आजच्या संघांत पिछाडीस चार-पांच जण असतात; तेव्हां दोघेच. हें दोघांवर निभत असे, याचें कारण ऑफसाइडचा जुना नियम. चेंडू पुढें दिला जाण्याच्या क्षणीं, पुढें असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असले पाहिजेत, असा तो नियम होता. त्यामुळें दोघां बॅकांपैकीं एकानें योग्य वेळीं दोन पावलें पुढें सरकावें, कीं समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड सांपडे. १९२५ सालीं तीनाचे दोन करण्यांत आले. याचा परिणाम किती झाला पाहा: इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्यें १९२४-२५ च्या हंगामांत एकंदर ४,७०० गोल झाले होते, नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामांत ते ६,३७३ झाले. अनेक नामांकित बॅक या बदलानें निष्प्रभ झाले आणि इंग्लंडमध्यें मधल्या हाफबॅकला मागें ओढून तिसरा बॅक करण्याची पद्धति पुढें रूढ झाली.

गोष्ठ पाल यांच्या खेळाच्या कालखंडाचा पूर्वार्ध जुन्या नियमाखालीं आणि उत्तरार्ध नव्या नियमाखालीं गेला. एकोणतिसाव्या वर्षीं आपली विद्या नव्यानें शिकावी लागणें ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतरही ते दहा वर्षें खेळले, यावरून त्यांचा खेळ केवळ सापळा लावण्याचा नसून वेळ ओळखण्याचा आणि चेंडू प्रत्यक्ष जिंकण्याचा असला पाहिजे, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं. येथें प्रेक्षकांची आठवण आणि नियमांचा इतिहास हीं दोन स्वतंत्र साधनें एकाच दिशेनें बोट दाखवितात.

आतां मुंबईकडे वळूं. महाराष्ट्राच्या दृष्टीनें गोष्ठ पाल यांच्या चरित्राचें महत्त्वाचें पान १९२३ सालचें. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ सालीं सुरू झालेली. प्रारंभीं कित्येक वर्षें ती गोऱ्या पलटणींचीच होती. १९२३ सालीं मोहन बागान या स्पर्धेसाठीं मुंबईस आला आणि थेट अंतिम सामन्यांत गेला. तेथें त्याची गांठ डरहम लाइट इन्फन्ट्रीशीं पडली व ४-१ अशी हार झाली. पुढें १९२५ सालीं हाच क्लब सिमल्याच्या ड्युरंड स्पर्धेंत उतरला आणि उपान्त्य सामन्यापर्यंत गेला. हिंदी नागरिकांचा संघ ड्युरंडमध्यें खेळण्याची ती पहिली वेळ. दोन्ही प्रसंगीं नायक गोष्ठ पालच होते.

येथें एक चिकित्सक श्रोता विचारील: ज्या भिंतींतून एका सामन्यांत चार गोल गेले ती भिंत कसली? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळूं नये. माझ्या मतें याचें उत्तर असें कीं, प्रेक्षकांची स्मृति ही निकालाची नोंद नसते. ती प्रसंगांची नोंद असते. ज्यानें सामना पाहिला त्यास शेवटची संख्या कालांतरानें आठवत नाहीं. परंतु अमुक क्षणीं अमुक मनुष्य एकटा उभा राहिला आणि हटला नाहीं, हें चित्र त्याच्या मनांतून जात नाहीं. शिवाय त्या काळच्या हिंदी प्रेक्षकांस विजयाची संवयच नव्हती. संस्थेचे नियम आपले नाहींत, बहुतेक पंच आपले नाहींत, पायांत बूट नाहींत, पावसाची कृपा नाहीं. अशा स्थितींत जिंकणें हें अपवादात्मकच होतें. सामान्य माणसाच्या रोजच्या अनुभवाशीं अधिक जुळणारी गोष्ट म्हणजे टिकून राहणें. कचेरींत साहेबापुढें ज्यास मान वर करतां येत नसे, त्या कारकुनानें सायंकाळीं मैदानाच्या कडेला उभें राहून आपल्यापैकीं एक मनुष्य साहेबाच्या पलटणीस उघडपणें, कायदेशीरपणें आणि सर्वांच्या देखत अडवीत आहे, हें पाहावें, यांत केवढें समाधान असेल! गोल करणारा त्यास आनंद देई. पण अडविणारा त्यास धीर देई. आणि मनुष्य आनंदापेक्षां धीराचें ऋण अधिक काळ मानतो.

गोष्ठ पाल यांच्याविषयींची एक आख्यायिका याच भावनेंतून टिकली असावी. कारकीर्दीच्या अखेरीस, एका गोऱ्या क्लबाविरुद्धच्या सामन्यांत पंचाचे निर्णय उघड अन्यायाचे वाटल्यामुळें, त्यांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं भर मैदानांत आडवें पडून निषेध केला, असें बंगालमध्यें सांगतात. हकीकतीचे बारकावे सांगणाऱ्यागणिक बदलतात. परंतु सत्याग्रहाच्या त्या कालखंडांत लोकांस आपल्या आवडत्या खेळाडूविषयीं नेमकी हीच गोष्ट सांगावीशी वाटली, हा स्वतः एक ऐतिहासिक पुरावाच आहे.

यावरून आपण दुसऱ्या महत्त्वाच्या मुद्द्यावर येतों. प्रेक्षकांच्या आठवणी इतिहासाचें साधन म्हणून किती विश्वसनीय मानाव्या? या बाबतींत महाराष्ट्रास कोणाकडून धडा घेण्याची गरज नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आपल्याकडे सुशिक्षितांस ठाऊक झाला आहे. बखर मागाहून लिहिली जाते, तींत संख्या फुगतात, प्रसंगांची अदलाबदल होते; तथापि लोकांस काय महत्त्वाचें वाटलें हें बखरच सांगते. पत्र त्या दिवशींचें असतें, त्यांत तारीख खरी असते. पण त्यांत मनाचा ओलावा क्वचितच असतो. खेळाच्या इतिहासांत वर्तमानपत्रांतील त्या दिवसाचा वृत्तांत म्हणजे पत्र, आणि प्रेक्षकाची आठवण म्हणजे बखर. दोहोंपैकीं एकावरच विसंबून चालणें हें सारखेंच धोक्याचें.

याचें उत्तम उदाहरण मोहन बागानच्याच दुसऱ्या एका थोर बॅकच्या बाबतींत मिळतें. शैलेन मन्ना यांचा जन्म १९२४ सालचा. ते १९४२ पासून १९६० पर्यंत मोहन बागानकडून खेळले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध खेळला, त्यांत मन्ना होते. त्या संघांतील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. भारत २-१ असा हरला. भारताच्या वांट्यास आलेल्या दोन पेनल्टी किक वायां गेल्या व त्यांपैकीं एक मन्ना यांच्याच पायानें. हा झाला नोंदीचा भाग. आतां लोकांची बखर पाहा. तींत पेनल्टीचा उल्लेख फारसा येत नाहीं. तींत असें येतें कीं, इंग्लंडच्या राजानें मन्ना यांस बोलावून पाटलोण वर करावयास सांगितली आणि त्यांचे पाय पोलादाचे तर नाहींत ना, हें पाहून घेतलें! ही गोष्ट अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या प्रेक्षकांस पराभवाच्या दिवशींही आपला बॅक राजाच्या दृष्टीस पडावा असें वाटलें, ही गोष्ट मात्र खरी आहे.

त्याच मन्नांच्या संबंधांतली दुसरी एक समजूत अशी कीं, १९५० सालच्या ब्राझीलमधील जागतिक स्पर्धेंत भारत गेला नाहीं तो अनवाणी खेळण्यास परवानगी नव्हती म्हणून. मन्ना यांनींच उत्तर आयुष्यांत याचा खुलासा केला कीं, त्या वेळीं आपल्याकडे ऑलिंपिकपुढें या स्पर्धेचें महत्त्व कोणास फारसें वाटतच नव्हतें. येथें खेळाडूची साक्ष प्रेक्षकांच्या दंतकथेस दुरुस्त करते. याच्या उलट १९५१ सालीं दिल्लीस झालेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत मन्ना यांच्या नायकत्वाखालीं भारतानें इराणला १-० असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. तो एकमेव गोल मेवालाल यांचा होता हें नोंदींत आहे, परंतु त्या एका गोलाची आघाडी शेवटपर्यंत कोणीं सांभाळली, हें विचारण्यासाठीं प्रेक्षकाकडेच जावें लागतें. पुढल्याच वर्षीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें भारतास १०-१ असें हरविलें आणि त्यानंतर आपल्याकडे बूट घालणें सक्तीचें झालें. गोष्ठ पाल यांच्या पिढीनें उघड्या पायांनीं जो प्रतिकार केला, त्याचा कालखंड तेथें संपला. पाल यांची थोरवी कमी करण्यासाठीं हें सांगत नाहीं. साधनांची विषमता केवळ धैर्यानें कांहीं काळ झांकतां येते, कायमची भरून काढतां येत नाहीं, एवढेंच यावरून ध्यानांत येतें.

आतां स्मृति टिकते कशी, याचा विचार करूं. गोष्ठ पाल यांचा खेळ डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य आज भेटणें जवळ जवळ अशक्य आहे; त्यांनीं मैदान सोडलें त्यास नव्वद वर्षें होऊन गेलीं. तथापि त्यांचें नांव जिवंत आहे. कलकत्त्याच्या मैदानाच्या भागांत त्यांच्या नांवाचा रस्ता आहे, ईडन गार्डन्सच्या परिसरांत त्यांचा पुतळा आहे, आणि १९९८ सालीं त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट निघालें. परंतु पुतळ्यानें स्मृति टिकत नाहीं, हें आपण आपल्या शहरांतील चौकांवरून जाणतोंच. ती टिकली याचें खरें कारण असें कीं, त्यांचा क्लब टिकला. सामना पाहून बाप घरीं आला, त्यानें मुलास सांगितलें. मुलगा मोठा होऊन त्याच क्लबाच्या सामन्यास गेला आणि तेथें नवा बॅक पाहून त्याची जुन्याशीं तुलना करूं लागला. प्रत्येक नव्या बॅकबरोबर गोष्ठ पाल यांचें नांव पुन्हा निघालें. मोजमापाचा दंड म्हणून जो मनुष्य वापरला जातो तो विसरला जात नाहीं.

या कसोटीवर आपला महाराष्ट्र कोठें उतरतो? ज्या रोव्हर्स कपसाठीं गोष्ठ पाल मुंबईस आले, ती स्पर्धा शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या हिंदी संघानें ती प्रथम जिंकली. १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें हैदराबाद सिटी पोलिसांनीं ती आपल्याकडे ठेवली. १९५५ सालीं मोहन बागाननें बत्तीस वर्षांपूर्वींची उणीव भरून काढली. परंतु २०००-०१ नंतर ती भरलीच नाहीं. मुंबईचे नामांकित संघ पाहावे, तर त्यांतील बरेच गिरण्यांचे, तेल-कंपन्यांचे आणि कारखान्यांचे. कॅलटेक्सनें १९५८ सालीं रोव्हर्स कप जिंकला. आज तो संघ नाहीं. महिंद्र युनायटेडनें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० सालीं तो संघ बंद झाला. पुण्यांत २००७ सालीं निघालेला पुणें एफ. सी. हा क्लबही दहा वर्षांच्या आंतच थांबला. कंपनीनें संघ काढावा आणि हिशेब जुळेनासा झाला म्हणजे मोडावा, यांत कायद्याची कांहीं चूक नाहीं. पण संघ मोडला म्हणजे त्याच्या प्रेक्षकांच्या आठवणींस बसावयास पारच उरत नाहीं. टाटा स्पोर्ट्सकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनीं १९५६ सालीं मेलबर्न येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, हें अजून पुष्कळांस सांगतां येतें, कारण गोल नोंदींत आहेत. त्याच संघाच्या पिछाडीस कोण उभे होते, हें आपल्यापैकीं कितीजणांस सांगतां येईल?

याला एक सुखद अपवाद आहे, तो कोल्हापूरचा. तेथला फुटबॉल कंपन्यांचा नसून पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, हीं नांवें पाहिलीं तरी कळून येतें कीं, ज्या मातींत कुस्ती रुजली तिच्याच बांधावर फुटबॉल उगवला. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठच्या पेठ तेथें लोटते. पेठ मोडत नाहीं, म्हणून क्लब मोडत नाहीं. आणि क्लब मोडत नाहीं, म्हणून तालमीच्या कट्ट्यावर जुन्या बॅकची गोष्ट अजून निघते. कलकत्त्यानें जें पुतळा उभारून केलें, तें कोल्हापूर नुसत्या बोलण्यानें करीत आलें आहे. परंतु बोलणें वाऱ्यावर जातें. पेठेंतले जुने प्रेक्षक एकामागून एक निघून जात आहेत, आणि त्यांनीं पाहिलेलें कोणी लिहून ठेवलें नाहीं तर तेंही त्यांच्यामागें जाईल.

म्हणून माझी सूचना अगदीं साधी आहे, आणि ती मुंबई, पुणें, कोल्हापूर येथील सुशिक्षित कुटुंबांस उद्देशून आहे. तुमच्या घरीं किंवा शेजारीं कूपरेजवर, कॅम्पांतील मैदानावर अथवा शाहू स्टेडियमवर सामने पाहिलेला कोणी वृद्ध असेल, तर त्याजकडून एखाद्या सुटीच्या दिवशीं त्याच्या आठवणी लिहून घ्या. लिहितांना तीन गोष्टी विचारा. पहिली, हा सामना तुम्हीं स्वतः पाहिला, कीं दुसऱ्याकडून ऐकला? दुसरी, तुम्ही मैदानाच्या कोणत्या बाजूस बसलां होतां? कारण गोलामागें बसलेल्यास बॅकचा खेळ दिसतो तसा इतरांस दिसत नाहीं. तिसरी, तो सामना कोणत्या सालचा, निदान कोणत्या सणाच्या किंवा घरांतल्या कोणत्या कार्याच्या सुमाराचा? यावरून वर्तमानपत्रांतील वृत्तांत शोधतां येईल आणि बखरीला पत्राची जोड मिळेल. सांगणारा अतिशयोक्ति करील. ती करूं द्यावी, पण जशीच्या तशी त्याच्या नांवावर लिहावी, आपल्या नांवावर नव्हे.

गोल करणाऱ्यांची काळजी इतिहासानें घेतलेलीच आहे. ती आपण घेतली नाहीं तरी चालेल. परंतु पिछाडीस उभे राहिलेल्यांची साक्ष देणारा कागद नाहीं. त्यांचे साक्षीदार म्हणजे पाहणारे. गोष्ठ पाल यांस शील्ड मिळाली नाहीं, लीग मिळाली नाहीं. मुंबईच्या अंतिम सामन्यांत तर त्यांच्या संघावर चार गोल झाले. तरीही त्यांचें नांव राहिलें, कारण त्यांचे साक्षीदार बोलत राहिले आणि कोणीतरी तें लिहून घेतलें. आपल्याकडेही असे बॅक होऊन गेले असतील. त्यांचे साक्षीदार अजून आपल्यांत आहेत. ते आहेत तोंवर त्यांच्यापाशीं वही आणि लेखणी घेऊन बसणें, हें काम आपलें आहे.